बिघाड वायरीचा, पैसे पंपाचे : ४१,५०० रुपये

सांगायलाही लाज वाटते, पण तरी सांगतो. आमची डिझेल गाडी पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकीच्या चढाला बसली. चेक इंजिनचा दिवा लागला आणि पिकअप गेला. मागे आई आणि दोन पोरं, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. टोचनवाल्याने "ओळखीच्या" गॅरेजला नेलं. हे दोघे एका ताटात जेवतात, हे काय तुम्हाला सांगायला हवं!

मालकाने स्कॅनर लावला, "रेल प्रेशर बनत नाही, पंप गेला" म्हणाला, आणि फडक्यावर चमचमता चुरा दाखवला. (पंप दाबाने डिझेल रेल नावाच्या नळीत भरतो, तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात.) "हे बघा, पंपाने लोखंड सोडलंय."

इथेच मला कळायला हवं होतं. फडकं तो आतून घेऊन आला होता, तोवर माझ्या गाडीचा फिल्टर उघडलेलाच नव्हता! आणि पंपाने खरंच चुरा सोडला तर तो रेल, इंजेक्टर, टाकी, सगळीकडे जातो. ते सगळं उतरवून साफ करावं लागतं. ह्याने तीन तासांत गाडी हातात दिली. टोचन १,८००, पंप ३१,५००, "रेल सफाई" ३,२००, मजुरी ५,०००. जुना पंप मागितला तर "एक्स्चेंजमध्ये गेला". आई उन्हाने कासावीस झाली होती, तिथे कोण वाद घालणार?

अकराव्या दिवशी पुन्हा तोच दिवा. कोल्हापूरच्या मेस्त्रींनी टॉर्च मारला. "सायेब, ह्या पंपाला कुणी हातच लावल्याला न्हाई. नटावरचा कंपनीचा रंगाचा ठिपका तसाच हाय." पंपावरच्या प्रेशर व्हॉल्व्हला जाणाऱ्या वायरीच्या कनेक्टरची पिन गंजून हिरवी पडली होती. त्या भामट्याने कनेक्टर नुसता काढून घट्ट बसवला असणार, म्हणून अकरा दिवस चालली. नवी पिन आणि मजुरी मिळून ६५० रुपये.

सगळ्यात झोंबलं ते पुढेच. ऑफिसला उशीर कळवायला मी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढला होता. त्यावर कोड पी००९०, म्हणजे रेग्युलेटरच्या, त्याच प्रेशर व्हॉल्व्हच्या, सर्किटचा दोष. म्हणजे आधी वायर बघायची. उत्तर माझ्याच खिशात होतं! कोडचा फोटो काढा, आणि काढलात तर निदान वाचा तरी.

पोलीस म्हणाले, "हे दिवाणी आहे." दुसऱ्या चौकीत म्हणाले, "हद्द आमची नाही." यूपीआयचे पैसे भलत्याच नावावर गेले होते, म्हणून सायबरवाल्यांना फोन केला, तर "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" आरटीओतल्या साहेबांनी ग्राहक आयोगाकडे बोट दाखवलं. तिथला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "पक्कं बिल?" अहो, बिलच दिलं नाही हीच तर तक्रार! बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे शेवटी मीच त्याला वाचून दाखवलं. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही, एवढीच मेहेरबानी.

जुना पार्ट डिकीत पडल्याशिवाय पैसे पाठवू नका. तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. ती हिरवी पिन मी डबीत घालून ठेवली आहे.