तीन लिटरचा स्टीलचा कुकर आणि ह्यांचं अळणी चिकन

गेल्या दिवाळीनंतर पोटविकारतज्ज्ञांनी आमच्या ह्यांच्या पोटदुखीला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम, हे आतड्यांच्या तक्रारीचं नाव दिलं आणि नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात पहिली कुऱ्हाड पडली ती रविवारच्या चिकनवर. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, बाजूला चिरलेला कांदा, असं आमचं वर्षानुवर्षांचं ताट. ते बंद झालं तेव्हा सलग दोन रविवार हे आमच्यात जेवायलाच बसले नाहीत. दहीभात घेऊन गॅलरीत बसले. मला ते बघवेना.

घरात पाच लिटरचा जुना ॲल्युमिनियमचा कुकर होता. त्यात एकट्यापुरतं पाव किलो चिकन लावलं की तळ करपू नये म्हणून पाणी जास्त घालावं लागायचं आणि हाती यायचं ते पांचट. म्हणून मार्चमध्ये भांडी बाजारातून तीन लिटरचा स्टीलचा कुकर आणला. झाकण बाहेरून बसणारं, तळ जाड सँडविचचा, आयएसआयचा शिक्का असलेला. 2,150 रुपये पडले. आता आठ महिने होतील. श्रावण सोडला तर आठवड्यातून तीनदा त्यात चिकन शिजलंय, तेव्हा अनुभवाने लिहिते आहे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो त्या जाड तळाचा. पण त्याआधी माझी एक चूक सांगायला हवी, कारण ती पुष्कळ घरांत होत असणार. आहारतज्ज्ञ बाईंनी लो फॉडमॅप आहार सांगितला होता. फॉडमॅप म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबणाऱ्या काही साखरा, त्या कमी करायच्या. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवलेली ही पद्धत. कांदा-लसूण बंद. मी काय केलं, अख्खा कांदा सोलून कुकरात टाकला आणि शिजल्यावर उचलून बाहेर काढला. म्हटलं, चव उतरली, कांदा पोटात गेला नाही. रात्री ह्यांचं पोट नगाऱ्यासारखं झालं. बाईंनी मग समजावलं, की कांद्या-लसणातलं फ्रुक्टान, म्हणजे अशीच एक साखर, पाण्यात विरघळतं. कांदा काढला तरी ते रश्श्यात राहतंच. लहान आतड्यात ते पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि गॅस धरतो. तेलात मात्र ते उतरत नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरली. कुकरातच तीन चमचे तेल, मंद आच, ठेचलेल्या लसणाच्या सहा पाकळ्या. सोनेरी झाल्या की एकूण एक पाकळी झाऱ्याने काढायची, मोजून सहा. त्यानंतरच पाणी. जुन्या कुकराच्या पातळ तळावर लसूण बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहायचा. ह्यात सावकाश, सारखा तळला जातो आणि तेलाला खमंग वास लागतो. हे तेल मी रोजच्या रोज करते. लसणाचं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवणं धोक्याचं, त्यात विषारी जंतू वाढू शकतात.

त्या तेलात जिरं, किसलेलं आलं, हळद, मग 600 ग्रॅम चिकन. कातडी काढलेलं घ्यायचं, कारण जास्त चरबीनेही ह्यांना कळ येते. चिकनमध्ये स्वतःचं फॉडमॅप काही नसतं, जे बाधतं ते आपण वरून घातलेलं. मीठ, तीन वाट्या गरम पाणी, झाकण. एक शिटी झाली की आच बारीक करून सहा मिनिटं. मग गॅस बंद, आणि वाफ आपली आपण जिरू द्यायची. शिटी उचलून वाफ काढली तर मांस आक्रसतं आणि फेसाळ रस्सा ओटाभर उडतो. हे सगळं ब्रॉयलरचं. गावठी कोंबडी असेल तर सहा-सात शिट्यांशिवाय दाताखाली तुटत नाही.

उघड्या पातेल्यात इतकं मऊ मला कधी जमलं नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, इथे पाणी 98 अंशांनाच उकळतं. कुकरात तापमान 120 अंशांच्या घरात जातं. सांध्याजवळचा चिवट भाग विरघळतो आणि सूप थंड झालं की थरथरीत गोठतं. हाडं मात्र ठिसूळ होतात, त्यामुळे ह्यांची वाटी मी गाळूनच देते.

आता खरी गोष्ट. हे अळणी, म्हणजे मीठ असलेलं पण तिखट-मसाल्याशिवायचं, सगळ्यांचंच शिजतं. शेजारच्या शेगडीवर कढईत कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला परतून घेते. कुकर उघडला की आधी ह्यांचं चिकन आणि दोन वाट्या अळणी बाजूला काढायचं, उरलेलं कढईत. पस्तीस-चाळीस मिनिटांत दोन्ही तयार. ह्यांच्या वाटीवर कोथिंबीर आणि पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग, कारण बाधतो तो पांढरा. सोबत मऊ भात. पहिल्यांदा असं वाढलं त्या रविवारी हे भुरके मारत सूप प्यायले, आणि लेकीने आपला रस्सा सोडून त्यांच्या वाटीत भाकरी बुडवली. आजारी माणसाचं वेगळं शिजवणं, ही भावनाच घरातून गेली. माझ्यासाठी ह्या कुकराचं मोल तेवढं आहे.

कामाच्या दिवशी, ह्यांची अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली दुसरी पाळी असली की, बिनहाडाचे तुकडे, गाजर, बटाटा आणि धुतलेला तांदूळ एकत्र लावते. दोन शिट्या. तांदूळ असेल तेव्हा कुकर अर्ध्यावर भरायचा नाही, फेस येऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

उणिवाही आहेत. तीन लिटर म्हणजे तीन लिटर शिजत नाही. दोन तृतीयांशच भरायचं, म्हणजे दोन लिटर. पाहुणे आले की हा पुरत नाही. दांड्याचा स्क्रू दोन महिन्यांत सैल झाला, आता दर पंधरा दिवसांनी आवळते. रबरी रिंग हळदीने पिवळी झाली ते चालेल, पण सहाव्या महिन्यात ती ढिली पडून बाजूने वाफ जायला लागली आणि शिटीच होईना. दुकानात घेऊन गेले तर रिंग वॉरंटीत येत नाही, एवढंच उत्तर मिळालं. खरेदीच्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं, ह्याचं मला वाईट वाटलं.

आणि कुकर कितीही चांगला असो, तयार मसाल्याच्या पाकिटावरचे घटक वाचा. कांदा-लसूण पावडर त्यात बहुधा असते. पुष्कळ हिंगांत गव्हाचं पीठ असतं, मी तांदळाच्या पिठातला शोधून आणते. शिवाय ही पथ्यं कायमची नाहीत. दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत घालून बघायचा. ह्यांना टोमॅटो थोडा चालतो हे असंच कळलं. हे आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करा, दुखणं आयबीएसच आहे का ते आधी तपासून घ्या.

चार माणसांच्या घराला हाच घ्या. सहा असतील तर ह्याच तळाचा पाच लिटरचा बघा. दुकानात झाकण दोन-चारदा लावून पाहा, हाताला सहज बसलं पाहिजे. आणि जादा रिंग त्याच दिवशी, त्याच मापाची, सोबत घेऊन या. मला नंतर नेमकं माप मिळायला तीन दुकानं फिरावी लागली आणि तो रविवार ह्यांनी वरणभातावर काढला.