झाडांचं वावर की गवताचं बरड?

भाच्याला दिवाळीनंतर पंधरा दिवस मोकळे मिळणार आहेत आणि ते त्याला कुठल्या तरी वावरात राबून घालवायचे आहेत. कापूस-सोयाबीनच्या वावरात नाही हां, जिथे देशी झाडं, गवत, पाखरं परत आणायचं काम चालतं तिथे. त्याने दोन जागा हेरल्या आणि मला विचारलं, "मामा, कुठं जाऊ?" दोन्ही ठिकाणी मी राहून आलोय. पहिल्या जागी दोनदा, दुसऱ्या जागी तीनदा. या आकड्यांतच उत्तर आलं म्हणा, पण फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही म्हणून लिहून काढतोय. जागांची नावं देत नाही. एकीबद्दल जरा कुरकुरणार आहे, आणि तिथली माणसं फार चांगली आहेत.

पहिली जागा नागपूरपासून दीड तासावर, उमरेडच्या अंगाला. चौदा एकर. नोकरीतून निवृत्त झालेल्या एका जोडप्याने पंधरा वर्षांपूर्वी घेतली, तेव्हा धुऱ्यावर चार बाभळी आणि एक बिबा एवढंच उभं होतं. आता आत शिरलं की मोह, चारोळी, बेहडा, धावडा, ऐन, रोहन, मेडशिंगी अशी सगळी झाडीतली मंडळी भेटतात. दुसरी जागा कारंजा आणि मंगरुळपीर यांच्या मधे कुठेतरी. बावीस एकर मुरमाड बरड, सात-बाऱ्यावर त्यातलं बरंचसं पोटखराब. मालक तिशीतला कास्तकार. बापाने दहा वर्षं तिथे पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावून हात पोळून घेतले होते, पोराने ते सगळं गवताला सोडून दिलं. म्हणजे एकीकडे जंगल उभं करायचं काम आणि दुसरीकडे माळ राखायचं.

राहण्या-खाण्याचं उरकून टाकतो. पहिल्या जागी पक्क्या खोल्या, कमोड, सौरदिवे, आणि दिवसाचे पाचशे रुपये. दुसऱ्या जागी टिनाची खोली, अंघोळ विहिरीवर, आणि पैसे कोणी मागत नाही. जाताना आपणच तांदूळ, तेल, डाळ नेऊन द्यायची. नागपूरकडच्या काकू सुंदर गोळाभात करतात, वरून फोडणीचं तेल सढळ हाताने. कारंज्याकडे रोज ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, आणि एखाद्या रविवारी रोडगे. पोटाच्या बाबतीत मी निःपक्षपाती आहे, दोन्हीकडे वजन वाढवूनच आलो.

कामाचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

पहिल्या जागेची रोपवाटिका हा खरोखर शिकण्यासारखा प्रकार आहे, आणि तुम्हाला बियांची गोडी असेल तर पुढचं काही न वाचता तिकडे जा. मोहाचं बी पडल्यावर काही दिवसांतच मातीत गेलं पाहिजे, डब्यात भरून ठेवलं तर मरतं, हे मला तिथे कळलं. बिबा उघड्या हाताने फोडायचा नसतो हे मात्र कोणी सांगण्याआधीच कळलं. आठवडाभर बोटं उतलेली होती. काका स्वतः प्रत्येक वाफ्याशी बसून शिकवतात, घाई नाही, आवाज चढवणं नाही. संध्याकाळी सहानंतर कोणी कुंपणाबाहेर जात नाही. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य २०१२ साली जाहीर झालं आणि तिथल्या वाघांना अभयारण्याची हद्द कोणी दाखवलेली नाही. कोणाला याचीच मजा वाटते. मला रात्री लघवीला उठायची सवय आहे.

आता कुरकुर.

ही जागा चालते ती शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर. नागपूरहून गाड्या येतात. कोणाचा वाढदिवस असतो, कुठल्या कंपनीचा सामाजिक कार्याचा दिवस असतो, कोणी आईवडिलांच्या आठवणीत झाड लावायला आलेलं असतं. खड्डे आम्ही आधीच खणून ठेवलेले. पाहुणा रोप ठेवतो, माती लोटतो, फोटो होतो, आणि रोपाशेजारी नावाची टिनाची पाटी रोवली जाते. या घाईत बरीच रोपं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात जातात. सोमवारी सकाळी आम्हा कामकऱ्यांचं काम म्हणजे ती रोपं हलक्या हाताने उपटून बघणं, पिशवी फाडणं आणि परत लावणं. एका सोमवारी मी एकट्याने एकोणीस पिशव्या काढल्या. सगळ्या हाताला लागतातच असं नाही. राहिलेलं रोप पावसाळाभर हिरवं दिसतं, मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात, आणि उन्हाळ्यात ते वाळून जातं. पाटी मात्र टिनाची, तिला काही होत नाही. पुढच्या जूनमध्ये त्याच पाटीखाली नवं रोप.

हे मला आधीपासून दिसत होतं, पण खटकत नव्हतं. मग पहिल्या खेपेला मीही वडिलांच्या नावाने एक मोह लावला. मोहच लावला, कारण आमच्या गावच्या घरामागे मोह होता आणि वडील त्याखाली बाज टाकून पडायचे. पिशवी मी स्वतः काढली होती, आळं केलं होतं, पाटीवर नाव स्वतः रंगवलं होतं. दीड वर्षाने परत गेलो तर पाटी जागेवर, नाव जागेवर, आणि खाली तरतरीत करंज. काकूंना विचारलं. त्या जराशा ओशाळल्या. म्हणाल्या, "मोह गेला जी तुमचा, पहिल्याच उन्हाळ्यात. करंज लवकर धरते म्हणून लावला. पाटी रिकामी कशी ठेवाची?" त्यांचंही चुकलं नव्हतं. करंजही इथलाच, देशीच. पाहुण्यांच्याच पैशातून ठिबक आलं, त्यातूनच दोन माणसांना बारमाही पगार मिळतो. पण त्या दिवसानंतर तिथल्या कुठल्याच पाटीकडे बघून माझा विश्वास बसेना. झाडांपेक्षा पाट्याच मोजत राहिलो.

तुमच्या बाबतीत असं होईलच असं नाही. कदाचित तुम्हाला पाट्या दिसणारही नाहीत. माझ्या बायकोला दिसल्या नाहीत, तिला पाणवठ्यावर आलेला स्वर्गीय नर्तक पक्षी दिसला आणि ती आजही त्याचंच सांगते.

दुसऱ्या जागी लावण्यासारखं काही नाही, त्यामुळे पाटीचा प्रश्नच येत नाही. फोटोही फारसा काढता येत नाही. गवत आणि आभाळ, आणि मधे एक हिवराचं झाड. पहिल्या खेपेला दोन दिवस मला वाटत राहिलं की आपली फसगत झाली. काम म्हणजे रानतुळस आणि गाजरगवत फुलायच्या आधी उपटायचं, वेडी बाभूळ मुळापासून काढायची, आणि मोकळी झालेली जागा चरायला कोणी ढोरं सोडत नाही ना हे बघायचं. बाकी गवत आपापलं येतं. शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी. मला चौघांतला फरक कळायला तिसरी खेप लागली.

दिवाळीनंतर मात्र खरा हंगाम. बी पिकलेलं असतं. सकाळी दव सुकलं की ओंब्या हाताने ओरबाडून पोत्यात भरायच्या, सावलीत वाळवायच्या, आणि पुढच्या जूनपर्यंत ठेवून द्यायच्या. नवं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने झोप काढावी लागते. हे मला शिकवलं ते फासेपारधी समाजातल्या एका म्हाताऱ्या काकांनी. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या समाजाला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली उठला, पण गावातल्या नजरा त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी बदलल्या असं ते सांगतात, आणि काही अजून बदलायच्या आहेत असंही. माळावर चालताना ते मला दर दहा पावलांना थांबवायचे. "भाऊ, पाय पाहून टाका. तित्तिरानं अंडे कुठं घातले थे तुमाले नाई दिसत." मला खरंच दिसत नव्हते. आता अधूनमधून दिसतात.

मी मालकाला विचारलं होतं, चार झाडं का लावत नाही, सावली तरी होईल. तो हसला. "झाड लावलं का त्याच्यावर शिकरा येऊन बसते, अन् खालचा चंडोल निंघून जाते. मंग गवत राखलं कायले?" शिकरा म्हणजे शिकारी पक्षी, आणि चंडोल जमिनीवर घरटं करणारं पाखरू. माळावर झाड लावणं हे पुण्यच, असं मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो.

दिसतं काय, असं विचाराल तर पहिल्या जागी जास्त दिसतं. पाणवठ्यासमोर खुर्ची टाकून बसलात तर तासाभरात वीस-पंचवीस जातीची पाखरं सहज होतील. माळावर धीर लागतो. मला तिथे धाविक पक्षी दिसले, एकदा पहाटे बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेलं खोकडाचं, म्हणजे लहान कोल्ह्याचं, जोडपं दिसलं, आणि रोही, म्हणजे नीलगायी, तर रोजच्याच. गवतात राहणारा तणमोर पक्षी मात्र दिसला नाही. काकांनी त्यांच्या तरुणपणी पाहिलाय, नर गवतातून कसा उड्या घेतो ते हाताने करून दाखवतात, आणि मला तेवढ्यावर समाधान मानावं लागलं. २०२१ पासून तो जगभरातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे, तेव्हा भाच्याला दिसेल असं आश्वासन देणार नाही.

दुसऱ्या जागेचा त्रास लपवत नाही. त्याचं नाव कुसळ. कुसळी गवताच्या बियेला टोक सुईसारखं आणि मागे लांब शेपटी. शेपटीला दव लागलं की तिचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा भरतो, आणि या फिरण्यात टोक मातीत शिरतं. सोय मातीसाठी केलेली आहे, पण मोज्यालाही ती तितकीच लागू पडते. मोजे, टॉवेल, पांघरूण, सगळीकडे कुसळं. घरी आल्यावर महिनाभराने बनियनमध्ये एक सापडलं. शिवाय दुपारी सावली नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि कारंज्याहून शेवटची एसटी चुकली तर फटफटीवाल्याच्या विनवण्या. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे चालू असती तर निदान कारंज्यापर्यंत तरी गंमतीने पोचता आलं असतं.

तरीही माळावरून परतताना मला कधी फसवल्यासारखं वाटलं नाही. मी नसतो तरी ते काम झालंच असतं, फक्त दोन पोती बी कमी भरलं असतं. तिसऱ्या खेपेला काकांनी एका तुकड्याकडे बोट करून सांगितलं, इथं तुम्ही मागच्या साली भरलेलं बी टाकलं होतं. गवत कमरेएवढं. त्यातलं माझ्या हातचं कुठलं आणि वाऱ्याने आणलेलं कुठलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पडताळून बघावं असं मलाही वाटलं नाही.

लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील सोबत असतील, पहिलीच वेळ असेल, किंवा रोपवाटिका शिकून स्वतःच्या वावरात काही करायचं असेल, तर उमरेडकडे जा, आणि शक्यतो जून-जुलैत. सोमवार ते शुक्रवार राहा, शनिवारी सकाळी निघा. दिवाळीनंतर तिथे आळी साफ करणं आणि पाणी देणं एवढंच उरतं. एकटे असाल, कंटाळा सहन होत असेल आणि दिवाळीनंतरचेच दिवस हातात असतील, तर मी कारंज्याची एसटी धरीन. मे महिन्यात दोन्हीकडे जाऊ नका, पंचेचाळीस डिग्रीत गवतही काम करत नाही.

गवतात वावरताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायजमा मोज्यात खोचलेला, हे दोन्ही जागांना लागू. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, आणि तो ताप गवता-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येतो. परतल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप चढला तर डॉक्टरला "गवतात काम करून आलोय" हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आणि मोजे दोन जोड जास्तीचे घ्या. परत आणायचे नाहीत असेच.