सिंधुदुर्ग किल्ला, मालवण: होडीवाल्याकडून तासापेक्षा जास्त वेळ मागून घ्या

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्गावर नेणाऱ्या होडीबद्दल आणि एकूण एका दिवसाच्या फेरीबद्दल लिहितोय. होडी उत्तम चालवतात. म्हाताऱ्या माणसांना हात धरून उतरवतात, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू देत नाहीत. तक्रार एकच: "तासाभरान खाली येवा, होडी थांबूची नाय," असं बसतानाच बजावतात. किल्ल्याची जागा 48 एकर, तटाची लांबी जवळपास तीन किलोमीटर. तासाभरात दरवाजा, देऊळ आणि एक विहीर एवढंच होतं, आणि बहुतेक लोक तेवढंच बघून परततात.

माझ्याबरोबर मामा होते. आयुष्यभर कुडाळ तालुक्यात गवंडीकाम केलेला माणूस. त्यांना तट बघायचा होता. म्हणून तिकीट काढतानाच होडीवाल्याशी बोललो की आम्ही दुपारच्या होडीने येऊ. तो लगेच कबूल झाला, जास्तीचे पैसेही मागितले नाहीत. तुम्हीही बसण्याआधीच विचारा. किल्ल्यावर पोहोचल्यावर विचारलंत तर अडचण होते, कारण तोपर्यंत परतीची माणसं ठरलेली असतात.

होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो लपवलाय, समोरून नुसती भिंतच वाटते. आत शिरल्यावर घाई न करता आधी दरवाजावरच्या तटावर चढा. तिथल्या दोन छोट्या घुमट्यांत शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, चुन्यात उमटलेला. मामांनी तिथे चपला काढल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

तटाची उंची साधारण तीस फूट आणि रुंदी बारा फूट, त्यामुळे वरून आरामात चालता येतं. बांधकाम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं, देखरेख हिरोजी इंदुलकरांची. कुरटे बेटाच्या खडकाला जसा कंगोरा आहे तसाच तट वळत जातो, सरळ रेघ अशी नाहीच. त्यामुळे एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजाचा पायथा दिसतो. खाली कोणी चिकटलाच तर बाजूने मारा करता येतो. पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं हे आपण शाळेत वाचलेलं असतं, पण पश्चिमेच्या तटावर उभं राहून लाट आपटताना बघितली की ते का ओतलं असेल ते समजतं. मामा खाली वाकून सांध्यांवरून बोटं फिरवत होते. "एक दगड दुसऱ्यासारखो नाय, पण सांधो बघ कसो बसलोहा." पुढे बैल जुंपलेल्या घाण्यात चुना कसा मळायचे, त्यांच्या आजोबांनी कसा मळला, हे सगळं त्यांनी तिथेच सांगितलं.

काही ठिकाणी तट ढासळलाय आणि फटींत झाडं वाढलीत. मुळं सांधा उकलतात. 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात सिंधुदुर्ग आहे. त्या निमित्ताने ही झाडं निघावीत असं मनापासून वाटतं. आणि बुरुजाच्या जिन्यात पाण्याच्या बाटल्या टाकणाऱ्यांनो, कृपा करा, बाटली परत घेऊन जा.

शिवराजेश्वराचं, म्हणजे खुद्द शिवाजी महाराजांचं, देऊळ राजाराम महाराजांनी बांधलेलं. मूर्तीला दाढी नाही, ते नीट बघा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी जवळ जवळ आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि इथे गोडं. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात. त्यांच्यापैकी एका काकींकडे कोकम सरबत घेतलं, तेही तटाची चक्कर पूर्ण झाल्यावर. ऊन कडक असतं, टोपी हवीच.

परत आल्यावर जेटीजवळच्या एका खानावळीत जेवलो. बांगड्याचं तिखलं तिरफळं घालून, तांदळाची भाकरी, सोलकढी. सोलकढी ताज्या नारळाची होती, दुसरी वाटी मागितली तर हसत दिली. तिखलं मात्र खरंच तिखट, मुलांसाठी वेगळं सांगा.

वेळ उरला तर मोरयाचा धोंडा चुकवू नका. बांधकामाआधी महाराजांनी जिथे पूजा केली तो हा किनाऱ्यावरचा खडक. गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो नेतो. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर या, आणि सकाळची पहिली होडी पकडा.