फायरप्लेस, लाकडाचा स्टोव्ह की पेलेट स्टोव्ह? न्यू इंग्लंडात जुनं घर घेतलेल्यांसाठी

बॉस्टनच्या आसपास, न्यू हॅम्पशायर किंवा कनेटिकटला जुनं घर घेतलेल्या आपल्या बऱ्याच लोकांना पहिल्याच थंडीत हा प्रश्न पडतो. हॉलमध्ये विटांची छान फायरप्लेस आहे, घर तापवायच्या ऑइलचं बिल बघून डोळे पांढरे झालेत, मग आता हीच पेटवायची, का तिच्यात स्टोव्ह बसवून घ्यायचा, का सरळ पेलेट स्टोव्ह, म्हणजे भुश्याच्या गोळ्यांवर चालणारा, आणायचा? माझं मत आधीच सांगून टाकते, मशीन कुठलं ते नंतर बघा, आधी कोरडं लाकूड कुठून येणार, ते ठेवणार कुठे आणि रोज त्याच्यामागे वेळ कोण घालणार हे घरात बसून ठरवा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधी उघडी फायरप्लेस. दिसायला तिच्यासारखं काही नाही, बर्फ पडतोय आणि सगळे जाळासमोर बसलेत, मुलं खूश, पाहुणे खूश. पण घर गरम करायचं म्हणाल तर विसरा. लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता खोलीत येते, बाकी सगळी चिमणीतून वर, आणि जाताना ती तुम्ही ऑइल जाळून तापवलेली हवासुद्धा ओढून नेते. त्यात थर्मोस्टॅट हॉलमध्येच असेल तर त्याला वाटतं घर तापलं, तो फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, बंद करतो आणि मागच्या बेडरूम आणखी गार पडतात. रात्री झोपायला जाताना डॅम्पर, म्हणजे चिमणीचं आतलं झाकण, बंद करावासा वाटतो पण आत निखारे धुमसत असतील तर अजिबात करू नका, कार्बन मोनॉक्साइड घरात येतो आणि त्याला ना वास ना रंग. म्हणजे राख पूर्ण गार होईपर्यंत ते भोक उघडंच राहणार. सणासुदीला, वर्षातून चार-पाच वेळा पेटवायला उत्तम, त्यापलीकडे नाही.

आता लाकडाचा स्टोव्ह. फायरप्लेसच्या पोकळीत सरकवून बसवतात तो इन्सर्ट, आणि खोलीत स्वतःच्या पायांवर उभा असतो तो फ्रीस्टँडिंग. ईपीएचा (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) मे २०२० पासूनचा नियम असा की नवीन स्टोव्हमधून तासाला २ ग्रॅमच्या वर धुराचे कण बाहेर पडता कामा नयेत (फाडलेल्या सरपणावर टेस्ट केली असेल तर २.५), त्यामुळे आताचे चांगले स्टोव्ह सत्तर-पंचाहत्तर टक्के उष्णता घरात देतात, फायरप्लेसशी तुलनाच नाही. दुसरा मोठा फायदा म्हणजे लाइट गेले तरी तो चालू राहतो. डिसेंबर २००८ च्या आइस स्टॉर्ममध्ये, म्हणजे पडताच गोठणाऱ्या पावसाच्या वादळात, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्सच्या काही भागांत जवळजवळ दोन आठवडे लाइट नव्हते, तेव्हा ज्यांच्याकडे असा स्टोव्ह होता ते निदान उबेत होते.

पण याचं सगळं सुख लाकडावर अवलंबून आहे. इथे लाकूड कॉर्डमध्ये विकतात, ४ बाय ४ बाय ८ फुटांचा नीट रचलेला ढीग म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. विकणारा सीझन्ड, म्हणजे नीट वाळवलेलं, आहे म्हणेल, त्याच्या शब्दावर जाऊ नका, मॉइश्चर मीटर घ्या, महाग नसतो. ओंडका तुमच्यासमोर फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूला टोकं टोचायची, बाहेरून टोचलंत तर तो खोटंच सांगणार. वीस टक्क्यांच्या खाली आलं तर जाळायचं. ओकला तर दोन उन्हाळे लागतात, म्हणजे या ऑक्टोबरला ताजा ओक आणून या डिसेंबरला जाळू हा हिशोब चुकलेलाच आहे. ओलं लाकूड ओळखायला सोपं, पेटल्यावर टोकातून फुसफुसत पाणी आणि फेस येतो, काच काळी होते, खोली तापत नाही.

आणि खरा धोका इथेच आहे. ओलं लाकूड टाकलं किंवा रात्रभर टिकावं म्हणून हवेची खिटी पार बंद करून जाळ धुमसत ठेवला की धूर गार होतो आणि चिमणीच्या आत चिकटतो, त्यालाच क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला ती साधी भुरभुरीत काजळी असते, ब्रशने निघते. मग पापुद्रे धरतात, आणि शेवटी काळी काच ओतल्यासारखा चकचकीत थर बसतो जो ब्रशला दाद देत नाही. तो पेटला की चिमणीत तापमान हजार डिग्री सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं, विटांना तडे जातात आणि आग भिंतीतल्या लाकडापर्यंत पोचते. चिमणीतून मोठा घरघराट ऐकू आला तर दार आणि हवा बंद करायची, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि ९११, पाणी ओतत बसायचं नाही. हे टाळायला दोनच गोष्टी लागतात, स्टोव्हच्या पाइपवर चिकटवायचं मॅग्नेटचं थर्मामीटर म्हणजे जाळ फार गार चाललाय का फार गरम ते कळतं, आणि वर्षातून एकदा चिमणी स्वीप, म्हणजे चिमणी साफ करणारा, बोलवणं. आत पाव इंच तर लांबच, त्याच्या निम्मा म्हणजे एक अष्टमांश इंच थर दिसला तरी साफ करा असं यातले जाणकार सांगतात. स्वीपला मे-जूनमध्ये बोलवा, ऑक्टोबरात तारखा मिळत नाहीत. घर नुकतंच घेतलं असेल तर साधी तपासणी नको, लेव्हल टू मागा, त्यात कॅमेरा आत सोडून बघतात. इन्सर्ट बसवताना स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून जाणारा पाइप, पार टोकापर्यंत घालून घ्या, त्यात पैसे वाचवायचे नाहीत.

आपल्या घरांसाठी खास एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. स्वयंपाकघरात आपण जोरदार हूड लावतो, फोडणीचा ठसका जायला हवा ना. तो हूड घरातली हवा इतकी बाहेर फेकतो की तिची भरपाई करायला बाहेरची हवा चिमणीतून खाली येते, आणि येताना धूर घेऊन येते. उघड्या फायरप्लेसला हे सगळ्यात जास्त, स्टोव्हला कमी पण दार उघडलंत की होतंच. जाळ चालू असताना हूड हाय वर टाकायचा असेल तर जवळची खिडकी बोटभर उघडा. हूड ४०० सीएफएमच्या (मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो ते माप) वरचा असेल तर बाहेरची हवा आत आणायची वेगळी सोय लागते, ती आहे का हे काँट्रॅक्टरला विचारा.

पेलेट स्टोव्ह हा नोकरी करणाऱ्या जोडप्यांना सोयीचा. भुश्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, ४० पौंडाच्या पिशव्या, अशा पन्नास पिशव्या म्हणजे एक टन. वरच्या डब्यात ओतायच्या, थर्मोस्टॅट लावायचा, तो आपला आपण जळत राहतो. धूर कमी, क्रिओसोट कमी, मोठी चिमणी नसली तरी भिंतीतून पाइप काढता येतो. पण लाइट गेले की गोळ्या आत ढकलणारा स्क्रू थांबतो, पंखे थांबतात, स्टोव्ह बंद, बॅटरी बॅकअप नसेल तर थोडा धूरही घरात येऊ शकतो. पंख्याचा आवाज सतत. जळायची वाटी रोजच्या रोज खरवडावी लागते. पिशवीत पाणी गेलं की गोळ्या फुगून पुन्हा भुसा, त्यामुळे बेसमेंट ओलसर असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. आणि ४० पौंड रोज उचलायचे आहेत, कंबर दुखणाऱ्याने विचार करा.

घरात कुणाला दमा असेल तर मी लाकूड सुचवणारच नाही, बंद काचेचा डायरेक्ट व्हेंट गॅस इन्सर्ट बघा, तो हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. त्याचीही काच भाजते, जाळी काढू नका.

माझी निवड विचाराल तर अंगण आहे, सरपण रचायला उघडी पण वरून झाकलेली जागा आहे आणि घरात एकाला तरी याची आवड आहे, तर इन्सर्ट. यातलं काही नसेल पण बिल कमी करायचंय तर पेलेट. दोन्हीपैकी काहीच जमणार नसेल तर फायरप्लेस तशीच ठेवा, डॅम्पर घट्ट बसतो का बघा आणि तेच पैसे इन्सुलेशनला घाला, खरंच सांगते.

आई-बाबा हिवाळ्यात येणार असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा. स्टोव्हच्या चहूबाजूंनी तीन फूट काही नको, ना खुर्ची, ना वाळत घातलेला स्वेटर, ना पायपुसणं. रांगतं मूल असेल तर भिंतीला स्क्रूने बसवलेलं कुंपण. अलार्म धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही, प्रत्येक मजल्यावर आणि बेडरूमच्या बाहेर. कोळशाची शेगडी कितीही थंडी असली तरी घरात आणायची नाही. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून दहा फूट लांब, लाकडी डेकवर नाही आणि कागदी पिशवीत तर नाहीच, निखारा राखेखाली दोन-तीन दिवस जिवंत राहतो.

जुना स्टोव्ह स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांसाठी, मागच्या बाजूला ईपीएचं लेबल आहे का ते टॉर्च लावून वाचा. पहिला नियमच १९८८ चा आहे, त्याआधीचा असेल तर फुकट दिला तरी नको. लेबलवर भिंतीपासून किती अंतर हवं तेही छापलेलं असतं, तो आकडा तुमच्या हॉलमध्ये बसतो का ते टेप लावून मोजा, मग टाउनच्या बिल्डिंग डिपार्टमेंटचं परमिट काढा आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा, पैसे त्यानंतर द्या.