न फिरणारी गाडीची किल्ली आणि नवी पेठेतला किल्लीवाला

मे महिन्यातल्या एका दुपारी वडिलांची डोळ्यांची तपासणी आटोपून होटगी रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीत आम्ही येऊन बसलो, तेव्हा किल्ली इग्निशनमध्ये नेहमीसारखी आत गेली, पण काही केल्या फिरेना. डोळ्यांत औषध घातलेले असल्याने वडिलांना ऊन सहन होत नव्हते, त्यामुळे त्यांना रिक्षाने घरी पाठवून मी गाडीपाशी थांबलो. त्यानंतरच्या तीन तासांत मला जे काम पाहायला मिळाले, त्याविषयी सोलापुरातल्या गाडीमालकांसाठी सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी एका सेवा केंद्राला फोन केला होता. गाडी न पाहताच त्यांनी सांगितले, की इग्निशनचे संपूर्ण लॉक बदलावे लागेल, दारांची कुलपेही त्याबरोबर बदललेली बरी, गाडी ओढून आणावी लागेल आणि खर्च साडेनऊ हजारांच्या घरात जाईल. मग एका मित्राने नवी पेठेतल्या एका किल्लीवाल्याचा नंबर दिला. त्यांच्या दुकानावर नावाची पाटी नाही, लाकडाची एक मोठी किल्ली तेवढी टांगलेली आहे. पन्नाशीच्या आसपासचे हे गृहस्थ अर्ध्या तासात स्कूटरवरून आले. मी किल्लीवर जोर लावत होतो हे पाहताच त्यांनी लांबूनच आवाज दिला, "जोर लावू नका साहेब, आत मोडंल की वो! मग खरंच खर्च वाढतोय."

त्यांनी लगेच हत्यारांची पेटी उघडली नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. त्यांनी प्रथम पुढचे चाक पाहिले. ते पदपथाच्या दगडाला टेकून तिरके उभे होते. किल्ली काढल्यावर स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत एक खिळ जाऊन बसते आणि स्टिअरिंग लॉक होते. चाक असे कशाला दाबून उभे असेल तर त्या खिळीवर बाजूने ताण येतो आणि लॉक सुटत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितले. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हलवून पाहायचे, ज्या बाजूला ते किंचित सरकते त्या बाजूला एका हाताने धरून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने किल्ली अगदी हलकेच फिरवायची. बहुतेक गाड्या एवढ्यानेच सुटतात आणि तेवढ्यासाठी आपण फक्त येण्याजाण्याचे पैसे घेतो, असे ते म्हणाले. माझी गाडी मात्र एवढ्याने सुटली नाही. (स्वयंचलित गिअरची गाडी असती तर गिअर 'पी' (पार्किंग) वर आहे की नाही, हेही त्यांनी आधी विचारले असते.)

मग त्यांनी किल्ली मागून घेतली. ती जुडग्यात होती: घराच्या, कपाटाच्या, गोदामाच्या मिळून अकरा किल्ल्या आणि एक पितळी घुंगरू. "दुसरी किल्ली आहे का घरी?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. धाकटा भाऊ ती घेऊन येईपर्यंत त्यांनी समोरच्या टपरीवर चहा घेतला. किल्ली आल्यावर दोन्ही किल्ल्या एकमेकींना लावून त्यांनी आकाशाकडे धरल्या आणि मला पाहायला सांगितले. दहा वर्षे कपाटात पडून राहिलेल्या किल्लीचे दाते धारदार होते. रोजच्या किल्लीचे मधले दोन दाते गोल होऊन झिजलेले होते आणि त्यांच्या वरून उजेडाची एक बारीक फट दिसत होती. लॉकच्या बॅरलमध्ये, म्हणजे किल्ली जिच्यात शिरते आणि जी किल्लीबरोबर फिरते त्या नळीत, पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीखाली स्प्रिंग असते, आणि योग्य किल्ली घातली की साऱ्या पत्त्या बॅरलच्या कडेशी समपातळीत येतात; एक पत्ती केसभर बाहेर राहिली तरी बॅरल फिरत नाही. माझी अडचण नेमकी तीच होती. कपाटातली किल्ली घालताच, थोडी कुरकुरत का होईना, ती फिरली.

इथे त्यांनी पैसे घेऊन काम संपवले असते तरी माझी तक्रार नव्हती. परंतु किल्ली जड फिरते आहे, हे त्यांना खटकत होते. बॅटरीची तार काढून, स्टिअरिंगखालचे प्लॅस्टिकचे आवरण उतरवून, किल्ली पहिल्या खाचेवर ठेवून आणि बाजूची छोटी पिन दाबून त्यांनी बॅरल बाहेर काढली आणि पांढऱ्या फडक्यावर एकेक पत्ती ओळीने मांडली. पत्त्यांवर काळा चिकट थर होता. दोन महिन्यांपूर्वी किल्ली अडखळू लागली, तेव्हा मी तिथे खोबरेल तेलाचे चार थेंब सोडले होते. त्या तेलात सोलापूरच्या उन्हाळ्यातली धूळ बसून त्याचा चिखल झाला होता. कुलपात तेल घालायचे नसते, ग्रॅफाइटची कोरडी पावडर घालायची असते, हे त्यांनी न रागावता सांगितले. पत्त्या पेट्रोलमध्ये धुऊन, पुसून, एक दबलेली स्प्रिंग बदलून, पावडर मारून त्यांनी बॅरल पुन्हा बसवली.

नवी किल्ली त्यांनी झिजलेल्या किल्लीवरून काढली नाही, कपाटातल्या किल्लीवरून काढली. झिजलेल्या किल्लीची नक्कल केली तर झीजही नकलेत उतरते, ही साधी गोष्ट घाईत विसरली जाते. जुन्या किल्लीच्या डोक्यातली इमोबिलायझरची (गाडीने किल्ली ओळखावी यासाठी असलेली) चिप त्यांनी चिमट्याने काढून नव्या किल्लीत बसवली. चिप बिघडली तर किल्ली फिरते पण इंजिन धरत नाही. किल्लीच फिरत नसेल तर दोष चिपचा नसतो, हा फरक त्यांनी सांगितला आणि मला तो फार मोलाचा वाटला, कारण चिप बदलण्याचाही सल्ला मला फोनवर मिळाला होता.

एकूण 1,150 रुपये झाले. नवी किल्ली, स्प्रिंग, बॅरलची सफाई आणि येण्याजाण्याचे पैसे, असा हिशेब मी मागितल्यावर त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिला. तो न मागता द्यायला हवा होता. दरपत्रक दुकानात कुठेही लावलेले नाही, संध्याकाळी सातनंतर ते फोन उचलत नाहीत, आणि तासाभराचे सांगितलेले काम पावणेदोन तास चालले. आवरण उतरवताना एक क्लिप तुटली. ते माझ्या लक्षातही आले नसते, पण त्यांनी स्वतःच दाखवून दिले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात तशीच क्लिप विनामूल्य बसवून दिली. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांची कामे मात्र ते घेत नाहीत आणि तसे फोनवरच स्पष्ट सांगतात.

महिन्याभराने गाडी दाखवायला या, असे त्यांनी सांगितले होते, म्हणून मी जूनमध्ये पुन्हा गेलो. त्यांनी किल्ली दोन-तीनदा फिरवून पाहिली, पावडरीची एक फुंकर मारली आणि पैसे घेतले नाहीत. मी जुडग्यातून गाडीची किल्ली वेगळी काढली आहे, हे त्यांनी पाहिले आणि लॉकवर भार पडू नये म्हणून ते घुंगरूही दुसऱ्याच कडीत अडकवायला सांगितले.