फक्त पॅड बदलायचे की डिस्कही काढायची?

कारच्या पुढच्या ब्रेकचे पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे) संपले की दोन वाटा असतात. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उचलून नुसते पॅड बदलायचे, नाहीतर ब्रॅकेट (कॅलिपर ज्यावर बसतो ती चौकट) सोडवून डिस्कही खाली घ्यायची. चाक काढून डिस्क नीट बघितल्याशिवाय यातलं काही ठरवू नका. गाडी मात्र जॅक स्टँडवर (खाली लावायच्या भक्कम आधारावर) हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका.

पहिली वाट सोपी. सरकत्या कॅलिपरच्या बऱ्याच गाड्यांत खालच्या पिनचा बोल्ट काढला की कॅलिपर वर फिरतो आणि पॅड हातात येतात. कॅलिपरमधला पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) सी-क्लॅम्पने (आवळायच्या C आकाराच्या पकडीने) सावकाश मागे दाबायचा. तेव्हा टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, तिकडे लक्ष ठेवा.

दुसऱ्या वाटेत खरी मेहनत आहे. कॅलिपर पूर्ण सुटतो; तो होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू न देता तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधायचा. ब्रॅकेटचे दोन बोल्ट मागच्या बाजूने असतात आणि चांगलेच आवळलेले असतात, त्यामुळे लांब दांड्याचा पाना लागतो. काही गाड्यांत डिस्क धरणारा एक छोटा स्क्रू असतो. साध्या स्क्रूड्रायव्हरने त्याचं डोकं हमखास जातं. तिथे ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरच घ्या. एवढं करूनही डिस्क गंजाने हबला (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या भागाला) चिकटलेली असते. डिस्क टाकूनच द्यायची असेल तर हातोडा चालेल. पुन्हा बसवायची असेल तर पॅड घासतात त्या भागावर घाव नको. पुष्कळ डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क सरळ सुटून येते. मला हीच पद्धत पटते.

डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती झिजली असेल, तडे दिसत असतील किंवा ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, तर दुसरी वाट टाळू नका. थरथर नसेल, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि जाडी शिल्लक असेल, तर डिस्कला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काढलीच तर हबचा गंज वायर ब्रशने पूर्ण घासा. कणभर राहिला तरी नवी डिस्कसुद्धा तिरकी बसते.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असल्याने सुरुवातीला ते थेट तळाला जातं.