कूलंट भरायचं नरसाळं : पाचपैकी चार

गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, काढणं सोपं, भरणं अवघड. हे मला पहिल्या फेरीत ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरातल्या नरसाळ्याने रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण लावलं, हात पुसले. दुसऱ्या दिवशी चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला आणि हीटर लावला तर थंडगार वारा. आत हवा अडकून बसली होती. म्हणून या वेळी खास कूलंटसाठीचं नरसाळं मागवलं.

पारदर्शक प्लॅस्टिकचं मोठं भांडं, बंद करायला लांब दांडीचा बूच आणि वेगवेगळ्या मापांचे अडॅप्टर. त्यातला माझ्या कामाचा एकच. तो रेडिएटरच्या तोंडावर झाकणासारखा फिरवून बसवायचा, वर नरसाळं दाबायचं. सगळी करामत इतकीच, की भांडं रेडिएटरच्या वर उभं राहतं आणि तिथेच पाण्याची सर्वांत उंच पातळी तयार होते. हवेला वर यायला वाट मिळते, तिची जागा कूलंट घेतं.

भरण्याआधी थोडा हिशेब करावा लागला. गाडीच्या पुस्तकात एकूण साडेपाच लिटर लिहिलंय. रेडिएटरचा खालचा बूच उघडल्यावर टबात आलं 3.2. बाकीचं इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं. डिस्टिल्ड वॉटर भरायचं, इंजिन गरम करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा काढायचं, असं बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत केलं. म्हणजे आत 2.3 लिटर जवळपास नुसतं पाणी उरलं. त्यावर अर्धं कूलंट-अर्धं पाणी असं तयार मिश्रण ओतलं असतं तर कूलंटचं प्रमाण जेमतेम 29 टक्के झालं असतं, मला हवं होतं निम्मं. म्हणून पाणी न मिसळलेलं कूलंट घेतलं : आधी ते पावणेतीन लिटर, मग उरलेल्या जागेत डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आत थर धरतात.

नरसाळं एक तृतीयांश भरलेलं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू केलं. सुरुवातीला बारीक बुडबुडे, मग बराच वेळ काहीच नाही. मुलगा टॉर्च धरून कंटाळला. तेवढ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडला, भांड्यातली पातळी एकदम बसली आणि भस्सकन मोठा बुडबुडा वर आला. मुलाचा कंटाळा तिथेच पळाला. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबलो. हीटरची हवा चांगली गरम यायला लागली होती.

आता तक्रारी. अडॅप्टरवर कोरलेली अक्षरं इतकी पुसट, की कोणता कुठला हे एकेक लावून बघावं लागलं. रबरी रिंग पहिल्यांदा पिळली गेली आणि बाजूने पाझर सुरू झाला. बोटाने थोडं कूलंट लावून ती पुन्हा बसवली तेव्हा थांबला. सोबतच्या कागदावर याचा उल्लेख नाही. रेडिएटर रिकामा करायच्या खालच्या बुचाशी या वस्तूचा संबंध नाही, पण सांगून ठेवतो : तो बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो, पक्कड लावू नका. माझा पहिला तसाच तुटला.

शेवटी, इंजिन गार झाल्यावर, दांडीने तळ बंद करून नरसाळं उचलायचं, उरलेलं कूलंट बाटलीत परत. एक थेंब सांडणार नाही असं खोक्यावर छापलंय. माझ्याकडे सात-आठ थेंब पडले. इंजिनवर पडले तर पुसता येतात, जमिनीवरचे मात्र लगेच धुवावे लागतात. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणं. एक तारा त्या थेंबांचा कापला.